चुना, अंडी आणि गूळ

बुओना व्हिस्टाहून हिरव्या लाइनची एमआरटी पकडली की आठव्या स्टेशनाला, सिटी हॉलला, पांढरंशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल लागतं. कर्नल मॅकफर्सन यांच्या आराखड्यावरून १८५६ ते १८६१ या काळात ते उभारलं हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी. शिंपल्यांचा चुना, अंड्यातलं पांढरं आणि गूळ एकत्र घोटायचा, त्यात नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी घालायचं. गिलावा वाळला की गोट्याने घासून चकाकी आणायची. हाच तो ‘मद्रास चुनम’!

सिंगापुरात आलेल्या कैद्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. अमेरिकेच्या दक्षिणेत नक्षीदार गिलावा करणाऱ्या कितीतरी गुलाम कारागिरांसारखंच यांचंही झालं: आराखडा करणाऱ्याचं नाव राहिलं, हे नुसते ‘कैदी’ उरले. कॅथेड्रलमध्ये गेलात तर खांबांपाशी क्षणभर थांबा. ते आपल्याच माणसांनी उभे केलेत.