हडपसर व शेजारची गावे : ग्रामनामांतून दिसणारा इतिहास

ग्रामेतिहास लिहिताना गावाची शीव हीच बहुधा अभ्यासाची मर्यादा मानली जाते. पुण्याच्या पूर्वेकडील हडपसरच्या बाबतीत ही मर्यादा अपुरी पडते; कारण या गावाचे महत्त्व त्याच्या वाटांत व शेजारात आहे. ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पालख्या पुण्याहून निघाल्यावर हडपसर येथेच विभक्त होतात. पहिली दिवेघाटातून सासवडकडे वळते, दुसरी लोणी काळभोरची वाट धरते. पूर्वेकडून पुण्यावर चालून येणाऱ्या सैन्यासही हाच टापू ओलांडावा लागे. दि. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला तो येथेच. दुसरा बाजीराव पुणे सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला.

या शेजाराची जुनी नोंद ग्रामनामांतच आढळते. सासवडच्या वाटेवर उरुळी देवाची, तर सोलापूरच्या वाटेवर उरुळी कांचन. एकाच तालुक्यात दोन उरुळ्या असल्याने मूळ नामास विशेषण जोडणे अपरिहार्य झाले. लोणी काळभोर व लोणीकंद या नावांत हेच कार्य कुलनामे करतात. मांजरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. मुळा-मुठेच्या दक्षिणेस मांजरी बुद्रुक, उत्तरेस मांजरी खुर्द. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर या शब्दाचे मराठी रूप होय. ‘खुर्द’ म्हणजे लहान. ही विशेषणे परस्परसापेक्ष आहेत. ‘बुद्रुक’ म्हणताच कोठेतरी ‘खुर्द’ असल्याचे गृहीत धरले जाते.

शहराच्या वाढीने नेमका हाच संबंध तुटू लागला आहे. २०२१ साली मांजरी बुद्रुकचा समावेश पुणे महानगरपालिकेत झाला. नदीपलीकडील मांजरी खुर्द त्या वेळी बाहेर राहिले. उरुळी देवाची व फुरसुंगी ही गावे २०१७ साली महानगरपालिकेत आली. पुढे २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. हद्दी अशा रीतीने वारंवार बदलतात. नामे मात्र पूर्वीचे नाते जपून ठेवतात. म्हणून एखाद्या गावाचे विशेषण अनावश्यक समजून गाळले, तर केवळ एक शब्द जात नाही. शेजारच्या गावाचा त्यातील उल्लेखही पुसला जातो. हडपसर परिसराच्या अभ्यासकाने पूर्ण ग्रामनामे हीच प्राथमिक साधने मानणे इष्ट होय.