पारुळकर, दिलीप कमलाकर

(मृत्यू : १० ऑगस्ट २०२५, पुणे). भारतीय हवाई दलातील लढाऊ वैमानिक, उड्डाण-प्रशिक्षक आणि १९७१च्या भारत-पाक युद्धातील युद्धकैदी. ग्रुप कॅप्टन या हुद्द्यावरून निवृत्त. वायुसेना पदक आणि विशिष्ट सेवा पदक यांचे मानकरी. रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून ऑगस्ट १९७२मध्ये दोन सहकाऱ्यांसह केलेल्या पलायनामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या एका रात्रीच्या प्रकाशात त्यांच्या सेवेचा मोठा भाग, म्हणजे नव्या वैमानिकांना आणि छात्रांना घडवण्याचे काम, बराचसा झाकला गेला. पलायनाची तयारी बारकाईने पाहिली तर मात्र तीही एखाद्या प्रशिक्षकानेच आखावी तशी दिसते.

पारुळकर मार्च १९६३मध्ये हवाई दलात अधिकारी म्हणून रुजू झाले. अडीच वर्षांत त्यांच्या वाट्याला पहिले युद्ध आले, ते १९६५चे भारत-पाक युद्ध. १० सप्टेंबर १९६५ रोजी एका मोहिमेत त्यांच्या हंटर विमानावर जमिनीवरून गोळीबार झाला आणि एक गोळी त्यांच्या उजव्या खांद्याला लागली. तुकडीच्या नेत्याने विमान सोडून छत्रीने उडी घेण्याचा सल्ला दिला. पारुळकरांनी जखमी हाताने विमान तळापर्यंत आणले आणि सुखरूप उतरवले. या कामगिरीसाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले. उजवा हात हा वैमानिकाचा दांड्यावरचा हात असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाचे वजन कळते.

१९७१मध्ये ते २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ विमाने उडवत होते. सोव्हिएत बनावटीचे हे एक इंजिनाचे, एक आसनी विमान १९६८पासून भारतीय हवाई दलात येऊ लागले होते. जमिनीलगत ते अतिशय वेगवान होते, पण इंधन भसाभसा पीत असे आणि त्यामुळे त्याचा पल्ला तोकडा होता. रणगाडे, तोफा, रेल्वेगाड्या यांवर खाली उतरून मारा करणे हे त्याचे मुख्य काम, म्हणजे जमिनीवरच्या प्रत्येक तोफेच्या टप्प्यात जाणे ओघानेच आले. आपले विमान पडले आणि आपण पकडले गेलो तर निसटण्याचा प्रयत्न करणार, असे पारुळकरांनी युद्धापूर्वीच आपल्या स्क्वाड्रनच्या प्रमुखांना सांगून ठेवले होते. १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील जफरवाल भागात त्यांचे विमान पडले. छत्रीने खाली उतरताच गावकऱ्यांनी त्यांना गाठून मारहाण केली. पुढे ते पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात गेले.

रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे बारा वैमानिक एकत्र आले. विंग कमांडर कोएलो त्यांच्यात सर्वांत ज्येष्ठ होते. छावणीचा कारभार पाहणारे पाकिस्तानी हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर उस्मान कैद्यांशी माणुसकीने वागत; नाताळात त्यांनी कैद्यांसाठी केक आणला होता. हा केक पुढे कामी येणार आहे. लढाई १७ डिसेंबरला थांबली, २ जुलै १९७२ला सिमला करार झाला, तरी कैद्यांच्या सुटकेची चिन्हे दिसेनात. भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी होते आणि सुटकेचा प्रश्न राजकीय वाटाघाटींत अडकला होता.

तेव्हा पलायनाचा बेत आखून पारुळकरांनी मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन फ्लाइट लेफ्टनंटना बरोबर घेतले. कोठडीच्या भिंतीचे प्लास्टर विटांच्या सांध्यांतून खरवडून काढायचे, विटा एकेक करून सैल करायच्या, शेवटचा बाहेरचा थर मात्र तसाच ठेवायचा आणि दिवसा सगळे खाटेआड झाकायचे, असे काम रात्रीमागून रात्री चालले. पहारेकऱ्यांच्या फेऱ्यांवर इतर कैद्यांची नजर असे. पैसाही हवा होता, आणि तो चक्क नियमाने मिळत होता. १९४९च्या तिसऱ्या जिनीव्हा करारातील साठाव्या कलमानुसार मेजरच्या खालच्या हुद्द्याच्या अधिकारी-कैद्याला दरमहा ५० स्विस फ्रँक एवढा भत्ता द्यावा लागतो. छावणीत किरकोळ खरेदीसाठी मिळणाऱ्या या रकमेतून बचत होत गेली. साठवलेले डबाबंद दूध आणि सुकामेवा वाटेसाठी राखला गेला. स्थानिक पद्धतीचे पठाणी पोशाख तयार झाले. सुई चुंबकावर घासून पेनात दडवता येईल असे होकायंत्र बनवले गेले. उड्डाणापूर्वी वैमानिक जी उजळणी करतो, म्हणजे मार्ग, इंधन, हवामान, अडचण आलीच तर पर्याय, तीच येथे पायी प्रवासासाठी झाली. दिशा पश्चिमेची ठरली. पूर्वेला युद्धातून नुकतीच उठलेली, सैन्याने भरलेली सीमा होती. पश्चिमेला पेशावर, खैबर खिंड आणि तिच्यापलीकडे अफगाणिस्तान.

मुहूर्त १४ ऑगस्टचा, म्हणजे पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाचा होता. सुट्टीत पहारा ढिला असेल असा हिशेब. पण १२ ऑगस्टच्या रात्री वादळ उठले, पाऊस कोसळू लागला आणि पहारेकरी आडोशाला गेले. ठरलेली तारीख धरून बसण्यात अर्थ नव्हता. तिघांनी उरलेला थर ढकलला आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते भिंतीबाहेर पडले. रस्त्यावर चित्रपटाचा शेवटचा खेळ नुकताच सुटला होता. त्या गर्दीत ते मिसळून गेले. सिंहजींच्या तोंडून आझादीचा उद्गार निघाला तेव्हा ग्रेवालांनी त्यांना अजून नाही असे बजावले, ही आठवण पुढे अनेकदा सांगितली गेली. तिथून त्यांनी पेशावरची बस धरली.

१३ ऑगस्टला सकाळी पेशावर, तिथून टांगा, थोडी पायपीट, मग पुन्हा बस, असे करत ते साडेनऊच्या सुमारास खैबर खिंडीतल्या लंडीकोतलला पोहोचले. तोरखमची सरहद्द तिथून जेमतेम सहा-सात किलोमीटर. नकाशावर लंडीकोतलच्या पुढे लंडीखाना नावाचे रेल्वे स्थानक दिसत होते आणि तेच त्यांचे पुढचे लक्ष्य होते. तिघे चहाच्या टपरीवर टेकले. आसपासच्या बहुतेक पुरुषांच्या डोक्यावर टोपी आहे हे पारुळकरांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी पेशावरी टोप्या विकत घेतल्या. एक ग्रेवालांना बसेना म्हणून ती बदलायला पुन्हा दुकानात जावे लागले. तेवढ्यात टपरीवरच्या पोऱ्याने लंडीखान्याच्या टॅक्सीसाठी मोठ्याने आरोळी दिली. ते टॅक्सीकडे वळतात तोच मागून एकाने हटकले. तो तहसीलदार कचेरीतला अर्जनवीस होता.

घात केला तो स्थानकाच्या नावाने. खैबर रेल्वे नोव्हेंबर १९२५मध्ये लंडीकोतलपर्यंत सुरू झाली आणि एप्रिल १९२६मध्ये लंडीखान्यापर्यंत वाढवली गेली. पण लंडीकोतल-लंडीखाना हा तुकडा १५ डिसेंबर १९३२लाच बंद पडला. चाळीस वर्षे गाडी न पाहिलेल्या स्थानकाची चौकशी स्थानिक माणूस कशाला करील? नकाशावर ते नाव मात्र टिकून होते. अर्जनवीसाला हे तिघे भारतीय वाटलेच नव्हते. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात पळत असत, आणि त्याला हे बंगालीच वाटले. तिघांनी ते हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी असल्याचे त्यांनी सांगितले. फिलिप पीटर, अली अमीर आणि हॅरोल्ड जेकब ही नावे आधीच ठरलेली होती. तिघांपैकी दोन नावे ख्रिस्ती आहेत, यामागे नमाज-कलम्याची परीक्षा टाळण्याचा विचार उघड दिसतो. तहसीलदाराचे समाधान झाले नाही. त्याने तिघांना कोठडीत टाकण्याचा हुकूम दिला.

खैबरच्या त्या टोळीप्रदेशात संशयिताचे काय होईल याचा भरवसा नव्हता. पारुळकरांनी येथे जे केले ते सबंध मोहिमेतील सर्वांत शहाणपणाचे पाऊल मानायला हवे. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीशी (परिसहायकाशी) फोनवर बोलू द्या, असा आग्रह त्यांनी धरला. हा एडीसी म्हणजे केक आणणारे उस्मानच. मधल्या काळात त्यांची तिथे नेमणूक झाली होती. पारुळकरांचा आवाज ऐकताच कोण कुठे पोहोचले आहे हे उस्मानांनी ओळखले, आणि माणसे आपलीच आहेत, त्यांना डांबून ठेवा पण मारहाण करू नका, असे त्यांनी तहसीलदाराला सांगितले. छावणीच्या पहारेकऱ्यांना तोवर पत्ताही नव्हता. फोननंतर तिथे धावपळ उडाली. पलायन फसले, पण तिघांचे प्राण वाचले.

जिनीव्हा करारानुसार पळून जाण्याचा प्रयत्न हा युद्धकैद्याचा फौजदारी गुन्हा ठरत नाही. पकडला गेला तर त्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि तीही ३० दिवसांपेक्षा अधिक नाही. तिघांना एकांतकोठडीत तेवढेच दिवस काढावे लागले. त्यानंतर सर्व वैमानिकांना लायलपूरच्या (सध्याचे फैसलाबाद) तुरुंगात हलवण्यात आले. झुल्फिकार अली भुट्टो यांनी लायलपूरच्या भेटीत सुटकेची घोषणा केली आणि १ डिसेंबर १९७२ रोजी वैमानिक वाघ्याची सीमा ओलांडून परतले.

पुढील सेवेविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. शिकवण्यात नाट्य कमी. पारुळकरांनी हैदराबादजवळील दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत उड्डाण-प्रशिक्षक म्हणून काम केले. काही काळ ते सिंगापूरला प्रतिनियुक्तीवर होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ते बटालियन कमांडर होते. या पदावरील अधिकाऱ्याकडे अनेक स्क्वाड्रन असतात. त्यांतील छात्रांची शिस्त, दिनक्रम, शारीरिक तयारी आणि एकूण घडण यांची जबाबदारी त्याच्यावर असते. बारावी होऊन आलेल्या मुलाला तीन वर्षांत अधिकारी होण्याजोगा करायचे, असे हे काम आहे आणि ते वर्गात थोडे व वर्गाबाहेर जास्त चालते.

उड्डाण-प्रशिक्षकाचे काम याहून वेगळे आणि अधिक जोखमीचे. चांगला वैमानिक आपोआप चांगला प्रशिक्षक होत नाही. त्यासाठी हवाई दल चेन्नईजवळील तांबरम येथे स्वतंत्र शाळा चालवते. शिकाऊ विमानाला दोन्ही आसनांपुढे नियंत्रणे असतात. विद्यार्थ्याचे उतरणे चुकू लागले की प्रशिक्षकाला ते त्याच क्षणी दिसते, तरी तो दांड्याला लगेच हात घालत नाही. लगेच हात घातला तर मुलगा शिकत नाही. उशीर झाला तर दोघेही जातात. त्या दोन-तीन सेकंदांची पारख हेच या धंद्यातले खरे कसब. जमिनीवर उतरल्यावर प्रत्येक चूक क्रमाने उकलून सांगायची, आणि मुलगा तयार झाला की एक दिवस स्वतः विमानातून उतरून त्याला पहिल्या एकल उड्डाणासाठी एकट्याला वर पाठवायचे. पारुळकरांपाशी या विषयात सांगण्यासारखे पुस्तकाबाहेरचे बरेच होते. गोळी लागलेल्या हाताने विमान उतरवलेले, आणि विमान सोडावे लागले तेही अनुभवलेले असे प्रशिक्षक कोणत्याही अकादमीत मोजकेच असतात.

निवृत्तीनंतर ते पुण्यात राहत. फेथ जॉन्स्टन यांच्या ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ या इंग्रजी पुस्तकाने (२०१३) पलायनाची हकिगत तपशिलाने लोकांसमोर आणली. ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ हा हिंदी चित्रपट (२०१९) याच घटनेवर बेतलेला आहे. दोन्हींचा केंद्रबिंदू छावणी हाच असल्याने दुंडीगल आणि खडकवासल्याचे पारुळकर वाचकाला तिथे भेटत नाहीत. त्यांच्याकडून शिकलेल्या अधिकाऱ्यांच्या आठवणी संकलित झाल्या तर ही उणीव भरून निघेल.