राजवाड्यांची सर्च हिस्टरी

लग्नासाठी हॉल बघायचा असो की आईच्या गुडघ्यासाठी डॉक्टर, आपण एकट्याने शोधत नाही. जळगावची बहीण ग्रुपवर एक लिंक टाकते. पुण्यातला भाऊ अर्ध्या तासाने तीच लिंक पुन्हा टाकतो. मामा विचारतात, "हे आधी बघितलं होतं ना रे?" आठवड्याने त्यातलं काहीच सापडत नाही.

२००७ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या मेरेडिथ मॉरिस आणि एरिक हॉर्व्हिट्झ यांनी याच त्रासावर 'सर्चटुगेदर' नावाचं सॉफ्टवेअर मांडलं. त्यामागे तीन गरजा होत्या. बाकीचे काय शोधतायत ते दिसावं, काम वाटून घेता यावं, आणि सापडलेलं नंतरही हाताशी राहावं. तुमच्यापैकी फार जणांनी ते वापरलं नसेल. पण या तीन गरजा मनात धरून आपल्या भागाचा इतिहास वाचला, तर माणूस धुळ्यात येऊन पोचतो, वि. का. राजवाड्यांपाशी.

मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं तेव्हा एका जागी नव्हती. पेशवे दफ्तर सरकारच्या ताब्यात होतं आणि संशोधकांना सहज खुलं नव्हतं. बाकीचे कागद सरदारांच्या वाड्यांत, कुलकर्ण्यांच्या माळ्यावर, मठांमधल्या बाडांत. तेही मोडीत, रुमालात बांधलेले, कधी वाळवी लागलेले. १८७८ मध्ये का. ना. साने आणि त्यांच्या सोबत्यांनी 'काव्येतिहाससंग्रह' मासिक काढून असे कागद छापायला सुरुवात केली होती. राजवाडे त्याच्या पुढे गेले. ते गावोगाव फिरले, घरमालकांची मनधरणी केली, मोडी वाचून नकला केल्या. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं होती. पुढे या मालेचे २२ खंड झाले.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे क्रॉलिंग होतं. सर्च इंजिनचा प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्यावर जातो, नक्कल घेतो, यादीत नोंदवतो. राजवाडे एका घरातून दुसऱ्या घरात जात. महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी नुसता निष्कर्ष छापला नाही, मूळ पत्रं क्रमांक घालून छापली. त्यांच्या लांबलचक प्रस्तावना ज्याला पटल्या नाहीत, त्यालाही तीच पत्रं वाचून वेगळं मत मांडता आलं. तिसरी गरज, सापडलेलं टिकण्याची, अशी भागली.

दुसरी गरज कुणी न ठरवताच भागत होती. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरात बुडालेले होते. साताऱ्याला द. ब. पारसनीस कागद जमवत होते. धुळ्यात वकील शंकर श्रीकृष्ण देव रामदासी मठांमधली बाडं गोळा करत होते. त्यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली होती. डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या पोथीवरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला.

राहिली पहिली गरज. कुणाला काय सापडलं हे दुसऱ्याला कळणार कसं? त्यासाठी १९१० मध्ये पुण्यात राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तिथल्या सभांमध्ये लोक आपापले कागद घेऊन येत, वाचून दाखवत, वाद घालत. मग ते छापलं जाई. राजवाड्यांचं मात्र कुणाशी फार काळ जमत नसे. मंडळाशीही मतभेद झाले. शेवटच्या काळात ते धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले.

एकटा माणूस गेला की त्याचा शोधही बहुतेक वेळा जातो. धुळेकरांनी तो जाऊ दिला नाही. भा. वा. भटांसारख्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. त्यांची दफ्तरं तिथे राहिली, 'संशोधक' नियतकालिकातून काम पुढे चाललं. ज्याला सोबत काम करणं अवघड जायचं, त्याचा शोध शेवटी चारचौघांनीच सांभाळला.

पण या सगळ्यांना जे सापडलं ते कागदावरचं होतं. ज्या घरात कागदच नव्हता, तिथे रुमाल सोडायला कोण जाणार? त्याच वर्षांत, धुळ्यापासून शंभरेक किलोमीटरच्या आत, जळगावात बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात ओव्या रचत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी वाचली ती घरच्यांमुळे. मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ती टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ती वही नसती तर आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव नसतं. शेजारच्या घरातल्या बाईच्या ओव्या कुणी टिपल्या नसतील, तर त्या गेल्याच.

सर्च इंजिनचंही तसंच आहे. जे आधी कुणीतरी लिहून ठेवलंय तेच ते शोधतं. अहिराणीत, लेवा बोलीत, भिलीत लिहिलेलं वेबवर अजून थोडंच आहे. त्यामुळे तिथे आपण सगळे मिळून शोधलं तरी हाती थोडंच येणार.

म्हणून त्या फॅमिली ग्रुपला एक काम देता येईल. कुणी आजीचं लग्नातलं गाणं रेकॉर्ड करा, कुणी ते टाईप करा, कुणी न कळलेल्या शब्दांचा अर्थ तिलाच विचारा. खाली तिचं नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि ते सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. आजीला आधी विचारून घ्या, म्हणजे ती पूर्ण गाणं म्हणेल. नाहीतर दोन कडव्यांनंतर ती चहा ठेवायला उठते.