दाण्याची वडी आणि शाहूपुरीचा गूळ

गेल्या बैठकीत एकीने लेकाच्या हट्टापायी घेतलेला दुकानातला ‘बार’ आणला. त्यात धान्य नाही, तो भट्टीत भाजलेलाही नाही. किंमत मात्र आमच्या आठवड्याच्या बचतीएवढी! चव घेतली, तर ही आपली उपवासाची दाण्याची वडीच की!

यातला शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे फार उशिरा आला. आज तो नसेल तर उपवास होत नाही, ही गंमतच. गूळ मात्र इथला. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. पुढे त्यांनीच भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

आम्ही पहिल्यांदा पाक केला, तो पुढे गेला आणि वडीचा दगड झाला. आता पाक करतच नाही. दोन वाट्या भाजून सोललेले दाणे तेल सुटेपर्यंत कुटतो, वाटीभर किसलेला गूळ घालून पुन्हा कुटतो, तूप लावलेल्या ताटात थापून लगेच कापतो. फार पिवळाधमक गूळ रसायनाने उजळलेला असू शकतो, म्हणून आम्ही काळपटच घेतो.

सोमवारी ताटभर वड्या आणणार आहोत. त्या बारचा कागद शेजारी ठेवून हिशोब मांडू.