एकशे तीन ओळींचं पिंपळे सौदागर

पिंपळे सौदागर म्हटलं की आज काय आठवतं? टॉवर, कोकणे चौकातलं ट्रॅफिक आणि हिंजवडीकडे निघालेल्या कॅब. त्या कॅबमधल्या बऱ्याच जणांना (मीही त्यातलाच) कधी ना कधी ऑफिसात सांगितलं जातं, "पॉवर बीआय शिकून घे" किंवा "टॅब्लो बघून ठेव." मग आपण ट्यूटोरियल उघडतो आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा दुकानाच्या सॅम्पल डेटावर रंगीत बार काढत बसतो. गंमत म्हणजे याच पवनाकाठच्या गावाचा शंभरहून जास्त वर्षं जुना डेटा उपलब्ध आहे. शिकायला तो त्या दुकानापेक्षा कितीतरी चांगला आहे.

तो जमवला हॅरॉल्ड मॅन यांनी. हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहावर संशोधन करून १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याआधी इंग्लंडमधल्या एका खेड्याची घरोघर पाहणी त्यांनी केलेली होती. तीच पद्धत त्यांनी पिंपळे सौदागरला लावली. सोबत द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे ही मंडळी होती. साहेबाच्या पुस्तकात अशी नावं बहुधा आभारापुरती येतात. इथं ती सहकारी म्हणून छापली आहेत. पुस्तक १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेत पहिलं म्हणून निघालं. 'दख्खनच्या खेड्यातली जमीन आणि श्रम' असा त्याच्या नावाचा अर्थ.

त्या काळी हिंदुस्थानच्या गरिबीवर जोरदार वाद चालू होता, आणि तो जवळजवळ सगळा एका सरासरीवर. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी काढलेलं दरडोई वार्षिक उत्पन्न होतं २० रुपये. १९०१ मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांनी ३० रुपये सांगितले. त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी आकडा १७-१८ रुपयांच्या आसपास आणला. आजच्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका मोठ्या आकड्यावरून भांडण. त्याच्या खालचा तक्ता कुणाकडेच धड नव्हता.

मॅन यांनी खालच्या तक्त्यापासून सुरुवात केली. एक ओळ म्हणजे एक कुटुंब. कॉलम कोणते, तर जमीन, शेतीचं उत्पन्न, बाहेरची मजुरी, घरखर्च, कर्जाचं व्याज. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आधी ठरवायची गोष्ट हीच: आपल्या तक्त्यातली एक ओळ कशाची? माणसाची, घराची, की शेताच्या तुकड्याची? हे न ठरवता चार्ट काढला तर तो दिसेल छान, पण बोलतोय कशाबद्दल ते कळणार नाही. वर आकड्यांचा कॉलम चार्टवर ओढला की पॉवर बीआय आणि टॅब्लो दोन्ही स्वतःहून बेरीज करून मोकळे होतात. विचारतही नाहीत.

आता त्यांचे आकडे. गावातल्या खातेदाराकडे सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर होती. १८१८ मध्ये साडेसतरा, १८२०-४० च्या काळात १४ आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. चार ओळी आहेत, आत्ता मोबाइलवरच्या शीटमध्येही टाकता येतील. साधा बार चार्ट काढा. चार बार सारख्या अंतरावर उभे राहतात, कारण सॉफ्टवेअरने साल म्हणजे नुसतं लेबल धरलं. १८४० ते १९१५ ही पाऊणशे वर्षं आणि त्याआधीची वीस-बावीस वर्षं दिसायला सारखीच. आडवा अक्ष 'कंटिन्युअस' करा (तिसऱ्या टप्प्यासाठी १८३० धरा), मग उतार खरा दिसतो. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या ४७ वर्षांतली आहे, म्हणजे पेशवाईतलीच. पुढे इंग्रजी अमलात उरलेलं निम्म्याहूनही कमी झालं. इंग्रजांना सगळा दोष देणाऱ्याला हा चार्ट आवडणार नाही, आणि इंग्रजांनी भरभराट आणली म्हणणाऱ्यालाही नाही. मला तो म्हणूनच आवडतो. मात्र दोन बिंदूंमधली सरळ रेघ सॉफ्टवेअरने ओढलेली आहे. मधल्या वर्षांत काय झालं हे ती रेघ सांगत नाही.

आणि ते ७ एकर? तीही सरासरीच. मॅन यांच्या पाहणीत ६० टक्के खाती ५ एकरांच्या आतली होती आणि ८१ टक्के १० एकरांच्या आतली. सगळ्या खातेदारांना जमिनीप्रमाणे रांगेत उभं केलं, तर मधोमध उभ्या माणसाकडे ५ एकरसुद्धा नाहीत. थोड्या मोठ्या खातेदारांनी सरासरी वर ओढली. तीही एका जागी नव्हती: १५६ खातेदारांच्या सातशेवर तुकड्यांपैकी ४६३ एक एकरापेक्षा लहान, आणि त्यातले ११२ पाव एकराच्या आतले. इथं ओळ बदलली बघा, खातेदाराऐवजी तुकडा आला. चार्टही बदलायला हवा. हिस्टोग्राम काढा, डावीकडे कशी गर्दी होते ते दिसेल.

शेवटी १०३ कुटुंबांचा हिशेब. उत्पन्नात गरजा भागतात का, एवढाच प्रश्न. फक्त शेतीवर भागतं अशी ८ घरं. शेतीला बाहेरच्या कमाईची जोड देऊन भागतं अशी २८. कशातच भागत नाही अशी ६७. या तीन बारांसमोर कर्झनचे ३० रुपये आणि डिग्बींचे १७ ठेवून बघा, दोन्ही सारखेच मुके वाटतात.

त्या २८ घरांकडे मात्र थोडं थांबायला हवं. गाव खडकीच्या जवळ, आणि खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना. तिथल्या मजुरीचा पैसा गावात येत होता. तक्त्यातून 'बाहेरची कमाई' हा एक कॉलम वगळला, तर भागणारी घरं ३६ वरून ८ वर येतात. तो वगळायला आज एक क्लिक पुरते. मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घरोघर बसून तो कॉलम भरावा लागला होता, आणि मुळात असा कॉलम हवा हे त्यांना सुचावं लागलं होतं.

मॅन आणि कानिटकरांनी मग दुसरं गाव निवडलं, शिरूरकडचं कोरडवाहू जातेगाव बुद्रुक. हे पुस्तक १९२१ मध्ये आलं. तिथल्या तिसऱ्या गटाचा बार पिंपळे सौदागरपेक्षाही उंच निघाला. जातेगावला पवना नव्हती, आणि हाकेच्या अंतरावर खडकीही नव्हती.