नवव्या फेरीतला मुलगा

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात पायाचे काम थोडे आणि हातांचेच फार, हे ऐकून आपल्याकडचा माणूस प्रथम हसतो. चेंडूही गोल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा. अकरा-अकरा गडी समोरासमोर ठाकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू गेला प्रतिपक्षाकडे. ह्या अकरांत एक गडी असा, की डावाची सारी सूत्रे त्याच्या हाती. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू त्याच्या हातात पडतो न पडतो तोच समोरून डोंगरासारखे गडी त्याच्या अंगावर धावून येतात. दोन-तीन सेकंदांत त्याने मैदान पाहायचे, कोणता साथीदार मोकळा होणार हे ताडायचे आणि चेंडू फेकायचा. आपल्या हुतुतूत चढाई करणाऱ्यालाही ह्याहून अधिक सवड मिळते.

असा गडी हेरायचा कसा? धंदेवाईक संघांना हा प्रश्न दरसाल पडतो, आणि वाचकहो, गेली नव्वद वर्षे पैशाने गब्बर असलेली मंडळी त्याचे उत्तर चुकवीत आली आहेत.

पूर्वी ज्याच्या थैलीत पैसा त्याच्याकडे कॉलेजातले चांगले खेळाडू जात. दुबळे संघ दुबळेच राहत. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल ह्यांनी तोड सुचविली: कॉलेज संपविणाऱ्या खेळाडूंची वाटणी करावी आणि सर्वांत हरलेल्या संघाने पहिली निवड करावी. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात नऊ संघांची माणसे बसली, फळ्यावर नावे लिहिली आणि नऊ फेऱ्यांत ८१ मुले वाटून घेतली. ह्या प्रथेला ड्राफ्ट म्हणतात. सर्वांत हरलेला संघ बेल ह्यांचा स्वतःचाच होता, त्यामुळे पहिली निवडही त्यांचीच! त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बर्वेंजर निवडला. तो त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. पण गडी धंदेवाईक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. त्याने दुसरा उद्योग धरला.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुलाकडे येतो. जॉन युनायटस १९३३ साली पिट्सबर्गला जन्मला. घराणे लिथुएनियातून आलेले, कष्टकरी. पाच वर्षांचा असताना बाप वारला. आईने घरोघर कोळसा पोचविण्याचा नवऱ्याचा धंदा चालविला आणि चार मुले वाढविली. नोत्र दाम ह्या नामांकित विद्यापीठाने जॉनला अंगाने फार किरकोळ म्हणून परत पाठविले. लुईव्हिलच्या विद्यापीठाने घेतले. पण थोड्याच दिवसांत तिथे खेळावरचा खर्च कमी झाला, चांगले गडी निघून गेले. मग जॉन चेंडू फेकण्याचेही काम करी आणि बचावाच्या फळीतही उभा राही. सामने हरायचेच. कागदावर हार दिसते. हरणाऱ्या संघात एकटा कोण किती झुंजला ते कागद सांगत नाही. शाळामास्तराला हे नवे नाही. घरी कंदिलाखाली अभ्यास करणाऱ्याचे बेचाळीस आणि शिकवणी ठेवलेल्याचे साठ, ह्यांत जास्त कोणते, ते प्रगतिपुस्तकातून कळत नाही.

१९५५ च्या ड्राफ्टमध्ये पिट्सबर्गच्याच स्टीलर्स संघाने त्याला नवव्या फेरीत घेतले. त्याच्या आधी १०१ नावे पुकारून झाली होती. सरावाच्या छावणीत चार क्वार्टरबॅक होते आणि जागा तीनच. प्रशिक्षक वॉल्ट कीसलिंग ह्यांच्या मनात हा मुलगा भरला नाही. हंगामापूर्वीच्या सामन्यांत त्यांनी त्याला एक मिनिटही मैदानावर सोडले नाही. संघमालक आर्ट रूनी ह्यांची पोरे मात्र कडेला त्याचे चेंडू झेलीत बसत आणि हाच सर्वांत चांगला, असे वडिलांना सांगत. पोरांचे कोण ऐकतो? जॉनला निरोप मिळाला. बसभाड्याला दिलेले दहा डॉलर वाचवून तो रस्त्यावरच्या गाड्यांना हात दाखवीत घरी आला, असे सांगतात. घरी लग्नाची बायको होती.

तो बांधकामावर मजुरीला लागला आणि ब्लूमफिल्ड रॅम्स नावाच्या मोहल्ल्याच्या संघात खेळू लागला. मैदानावर गवत नाही. खडे आणि फुटक्या काचा. धूळ उडू नये म्हणून सामन्याआधी तेल शिंपडीत. सामन्याला मिळत सहा डॉलर. इथेच त्याने खेळ सोडला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि कीसलिंगसाहेबांचा निकाल बरोबर ठरला असता. माझ्या मते ह्या साऱ्या गोष्टीतली जीव कासावीस करणारी जागा हीच. नाकारलेला मुलगा खेळलाच नाही, तर नाकारणाऱ्याची चूक कधीच उघडी पडत नाही.

१९५६ साली बाल्टिमोरच्या कोल्ट्स संघाने फोन करून त्याला चाचणीस बोलाविले. हा फोन ८० सेंटांचा होता, अशी आख्यायिका आहे. तिथला मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ ऑक्टोबरात शिकागोच्या सामन्यात जायबंदी झाला आणि युनायटस मैदानात आला. त्याची पहिलीच फेक प्रतिपक्षाने झेलली आणि थेट गुणरेषेपार नेली! सामना ५८–२७ असा गेला. पण प्रशिक्षक वीब यूबँक ह्यांनी त्याला काढले नाही. त्या पहिल्या फेकीवरून पारख केली असती तर कीसलिंगांना साक्षीदारच मिळाला असता.

आणि मग २८ डिसेंबर १९५८. न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम, अजिंक्यपदाचा सामना. जायंट्स १७, कोल्ट्स १४. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ, आणि आपल्याच टोकापासून चौदा यार्डांवर चेंडू. युनायटसने रेमंड बेरीकडे लागोपाठ तीन फेकी केल्या आणि बासष्ट यार्ड काबीज केले. हा बेरी स्वतः विसाव्या फेरीतला, नजर अधू. सराव संपून सगळे घरी गेले की हे दोघे मागे राहत आणि फेकी-झेलींचा वेळ जुळवीत. बेरी वळण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटलेला असे. सात सेकंद उरले असताना बरोबरी झाली. जादा वेळेत युनायटसने ऐंशी यार्डांची चाल रचली आणि कोल्ट्स २३–१७ ने जिंकले. त्या दिवसापासून हा खेळ अमेरिकेच्या घराघरांत दूरदर्शनच्या पडद्यावर जाऊन बसला.

तर मग कीसलिंग मूर्ख होते काय? मला तसे वाटत नाही. कॉलेजात साथीदार चांगला हातभर मोकळा होईपर्यंत थांबता येते. धंदेवाईक खेळात तो मोकळा होतच नाही. जी फट अजून पडलेली नाही तिच्यात चेंडू टाकावा लागतो, तोही अंगावर कोणी कोसळत असताना. ही दृष्टी मुलाजवळ आहे की नाही, ते तो प्रसंग आल्यावाचून दिसावे कसे?

तरी माणूस मोजण्याचा हट्ट सोडीत नाही. १९६० च्या दशकात डॅलसच्या काउबॉईज संघाने हे काम संगणकाला सांगितले, आणि गंमत पाहा, ते ज्याच्या हाती दिले तो आपल्या देशातून गेलेला संख्याशास्त्रज्ञ होता, सलाम कुरेशी. ह्या गृहस्थांना अमेरिकन फुटबॉलचा गंध नव्हता, आणि संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम ह्यांना संगणकाचा! कुरेशींना पहिली अडचण आली ती शब्दांची. 'चपळ' म्हणजे काय, हे प्रत्येक पारख्याचे निराळे. म्हणून आधी प्रश्नावली बांधली, मग गुण द्यावयास लावले. शीलाला आणि जिद्दीलाही त्यात रकाना होता. १९८२ पासून मुलांना एकत्र बोलावून त्यांची उंची, वजन, चाळीस यार्डांची धाव असे सारे मापण्याचा मेळावाही भरू लागला. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिपरीक्षा घेत, ती २०२२ साली बंद झाली.

मापांनी काय साधले? १९९८ साली पेटन मॅनिंग पहिला निवडला गेला आणि रायन लीफ दुसरा; दोघांत थोरला कोण ह्यावर जाणत्यांत वाद होता. मॅनिंगने दोनदा अजिंक्यपद मिळविले. लीफ एकवीस सामन्यांत आरंभापासून खेळला आणि त्यांतले चार जिंकला. २००० साली मिशिगनचा टॉम ब्रेडी चाळीस यार्ड धावला तो ५.२८ सेकंदांत, म्हणजे रमतगमत. सहा क्वार्टरबॅक त्याच्या आधी गेले. तो सहाव्या फेरीत, १९९ वा. त्याने सात वेळा अजिंक्यपद मिळविले.

पिट्सबर्गचे एक सांगावयाचे राहिले. १९८३ साली त्याच शहरात वाढलेला, त्याच शहराच्या विद्यापीठात खेळलेला डॅन मरीनो ड्राफ्टमध्ये उभा होता. एकविसावी निवड स्टीलर्सची. त्यांनी बचावाचा एक गडी घेतला. मरीनो सत्ताविसावा, मायामीला गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याने एका हंगामात ५,०८४ यार्डांच्या फेकी केल्या. तोवर इतक्या कोणीच केल्या नव्हत्या, युनायटसनेही नाही.