गुप्त सभा आणि उघडी साक्ष

भालकी, बसवकल्याण, आळंदच्या या सीमाभागात आपण ख्रिस्ती थोडे आहोत. ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न आपल्या उंबऱ्यावरच बसलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या एका सीमाभागातले, बेळगावचे बाबा पदमनजी आम्हांला आठवतात.

तरुणपणी ते मुंबईच्या परमहंस सभेत होते. जातिभेद मोडायचा, ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, पण सारे दार लावून. बाहेर कळता कामा नये. बाबांना ख्रिस्त सापडला, तेव्हा मात्र त्यांनी दार लावले नाही. १८५४ साली, आपल्या जन्मगावीच, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात आणि नातलग दुरावतील, हे ठाऊक असूनही.

पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि लोकभयाने ती सभा मोडली. बाबांजवळ फुटण्यासारखे गुपितच नव्हते. १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून ते विधवांच्या दुःखावरही उघडपणे बोलले.

माणसांना खूश करू पाहणारा ख्रिस्ताचा दास होऊ शकत नाही, असे पौल सांगतो (गलती. १:१०). आम्हीही लग्नाच्या पंगतीत, कचेरीत, कोणी धर्म विचारला की कधी कधी गप्प बसतो. प्रभू आमचे लावलेले दार उघडो. आमेन.